सरकार पक्ष तयार आहे

लुसुंगू कुम्वेंडाने भर कोर्टात खटला मागे घेतला, त्या दिवशी तिच्यावर सगळ्यात जास्त कोण चिडलं असेल, तर ती आरोपीच.

आमच्याकडे खालच्या कोर्टात सरकारची बाजू पोलीस खात्यातले अधिकारीच मांडतात. वर्दीतच उभं राहायचं आणि वकिली करायची. लुसुंगू आणि मी एकाच तुकडीतले. प्रशिक्षण संपल्यावर दोघांनाही सरोवरकाठच्या चिसांगाला धाडलं. माझं नाव सुज्गो. आमच्या भाषेत सुज्गो म्हणजे संकट. आमचे वरिष्ठ गोंद्वेसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते की नाव याचं संकट, पण आणणार ती ही पोरगी. गंमत म्हणून बोलले होते. लुसुंगू हसली नव्हती.

गोंद्वेसाहेब वाईट माणूस नव्हते. वर्षानुवर्षं ते एकही खटला हरले नव्हते, आणि त्याचं गुपित ते मोकळेपणाने सांगायचे. आरोपी कबूल झाला की प्रश्न मिटला, कबुली आली की मागे वळून बघायचं नाही. गोगो न्याझिम्बाचा खटला त्यांनी लुसुंगूला दिला तो याच हिशेबाने. नव्या पोरीला सोपं काम.

गोगो म्हणजे आजी; न्याझिम्बा ही कावुंगा गावची म्हातारी. तिच्या पुतण्याची, होप्सनची, लहान मुलगी तेम्वा तापाने गेली. गावच्या मुखियाने मांत्रिकाला बोलावलं. मांत्रिकाने सगळ्या गावाला रांगेत उभं केलं, गाईच्या शेपटीची चवरी हलवत रांगेतून फिरला, आणि गोगोसमोर येऊन थांबला. त्यानंतर लोकांनी तिच्या झोपडीचं छप्पर उतरवलं आणि तिला इतकं मारलं की डावा हात मोडला. पोलीस आले. एवढ्या गर्दीतून त्यांनी एकटीलाच उचललं, ते गोगोलाच. तिच्याच भल्यासाठी, असं सार्जंटचं म्हणणं. पण कोठडीत माणूस ठेवायचा तर काहीतरी कलम लागतं. म्हणून चेटूक करते असं लिहिलं. तिने अंगठा दिला.

कोर्टात ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा मोडका हात चितेंज्याच्या, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात त्या छापील कापडाच्या, पट्टीने गळ्यात बांधलेला होता, त्या कापडावरची फुलं अजून ताजी वाटत होती. मॅजिस्ट्रेट काचाले यांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं. ती हो म्हणाली. काय केलंस, असं विचारल्यावर म्हणाली, "हे लोक म्हणतील ते."

कोर्टात हशा पिकला. लुसुंगू उठली. तिने शिक्षा मागायची होती, तीन वर्षं, तसं गोंद्वेसाहेबांनी सांगून ठेवलं होतं.

"साहेब, सरकार पक्ष हा खटला मागे घेतो आहे," ती म्हणाली. "या बाईंनी काय गुन्हा केला ते मला शोधूनही सापडलं नाही. यांच्यावर काय गुन्हा झाला, ते मात्र मला इथून दिसतं आहे."

काचालेसाहेबांनी चष्मा काढला. वरिष्ठांना विचारलंय का, असं ते म्हणाले. लुसुंगूने सांगितलं की खटला मागे घ्यायला परवानगी कोर्टाची लागते, आणि ती आत्ता मागते आहे. साहेबांनी त्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं, खाली काहीतरी लिहिलं आणि म्हातारीला सोडून दिलं.

गोगो पिंजऱ्यातून उतरेना.

"पोरी, तुला कोणी सांगितलं होतं हे करायला?" तिने विचारलं. आवाज चांगला खणखणीत होता. "तुरुंगाला भिंती असतात. माझ्या घराला आता छप्परसुद्धा नाही. आत गेले असते तर म्हातारपणाने मेले असते. आता तू मला त्यांच्या हातात परत दिलंस, आणि तू घरी जाऊन जेवशील."

बाहेर व्हरांड्यात गोंद्वेसाहेबांनी तिला सगळ्यांदेखत झाडलं. कबूल झालेला आरोपी सोडणारा सरकारी वकील त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. तिने सगळं ऐकून घेतलं. ते गेल्यावर मला म्हणाली, "म्हातारी बरोबर बोलली. मी अर्धंच काम केलं."

मग ती गोगोला आपल्या घरी घेऊन गेली.

घर म्हणजे पोलीस वसाहतीतली एक खोली आणि मागे चूल. दुसऱ्या दिवसापासून वसाहतीतल्या बायकांनी नळावर लुसुंगूच्या बादलीशेजारी बादली ठेवणं बंद केलं. कोणीतरी तिच्या उंबऱ्यावर राख टाकली. सार्जंटची बायको मला वाटेत गाठून म्हणाली की तुझ्या मैत्रिणीला समजाव, आमची लेकरं इथे खेळतात. मी समजवायला गेलोही. तर गोगो नळाशेजारीच मोडका हात मांडीवर घेऊन ऊन खात बसली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला नमस्कार करत होती. तिला आत बसायला सांगावं असं मी सुचवलं. लुसुंगू म्हणाली, "का? नळ सरकारी आहे."

दोघींचं फार गोड चाललं होतं असं मुळीच नाही. गोगो तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. लुसुंगूने रांधलेलं कसावाच्या पिठाचं कोंडोवोले पाहून ती म्हणाली होती की याने भिंत छान लिंपता येईल. एकदा मीही तिथे जेवत होतो, तेव्हा लुसुंगूने तिला विचारलं, न केलेला गुन्हा कबूल का केलास. गोगोने वाळक्या उसिपा माशाचं डोकं चघळत सांगितलं, "सार्जंट म्हणाला, हो म्हण, आत सुखरूप राहशील. जन्मभर खरं बोलून मला काय मिळालं होतं? एकदा खोटं बोलून छप्पर मिळत होतं."

लुसुंगूने जेवण तसंच ठेवलं आणि हात धुतले. त्या आठवड्यात तिने दुसरा खटला उभा केला. मुखिया, मांत्रिक आणि होप्सन, तिघांवर. चेटूक करतो म्हणणं जसा गुन्हा, तसाच कोणाला चेटकीण ठरवणं हाही आमच्याकडे गुन्हा आहे. हा कायदा आमच्या आज्यांच्या काळापासून पुस्तकात पडून होता, पण आमच्या भागात तो त्या बाजूने कोणी वापरला नव्हता. गोंद्वेसाहेब हादरले. गावं मुखियांच्या जोरावर चालतात, ते म्हणाले, आणि निवडणुकासुद्धा. लुसुंगूने शांतपणे सांगितलं की मग गाव कसं चालवतात ते मुखियांनाच कोर्टात विचारू.

साक्षीदार हवे होते. आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवरून कावुंगाला गेलो. मुखियाने आम्हाला आंब्याखाली खुर्च्या दिल्या, थंड बाटल्या मागवल्या, घरच्यांची विचारपूस केली. अगदी रीतीने. मग म्हणाला, "लेकरांनो, तुम्ही शहरात शिकलात. पण अंधारात काय उडत फिरतं, ते पुस्तकात लिहिलेलं नसतं."

"उडणाऱ्यांचं नंतर बघू, बाबा," लुसुंगू म्हणाली. "छप्पर उतरवणारे जमिनीवरच उभे होते ना? ते कोण होते तेवढं सांगा."

त्याने बाटल्या उचलायला सांगितल्या. गावात फिरलो तर जो तो मारहाणीच्या दिवशी परगावी गेलेला. त्या दिवशी कावुंगात कोणीच नव्हतं असं धरलं, तर ते छप्पर बहुधा वाऱ्यानेच उतरवलं होतं. परतताना ओढ्यावर एक बाई भिजत घातलेला कसावा उपसत होती. होप्सनची बायको, एनिफा. तिने आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. कसावा सोलता सोलता हळू आवाजात, जणू त्या कंदालाच सांगत होती, की तेम्वाला ताप चढला तेव्हा ती दवाखान्यात नेऊ म्हणत होती, आणि नवरा म्हणत होता की मांत्रिक येतोय, थांब. लुसुंगू ओढ्यात उतरायला लागली, तशी ती म्हणाली, "इथे नको. विचारायचं तर तिथे विचारा, सगळ्यांसमोर. इथे बोलले तर ते बोलणं इथेच बुडेल."

ती कोर्टात येईल की नाही, हे तिने सांगितलं नाही.

सुनावणी तोंडावर आली आणि लुसुंगूची बदली झाली. सरहद्दीवरच्या एका चौकीला, ताबडतोब. बदलीसाठी वर फोन कोणी केला ते कळलं नाही. खटला माझ्याकडे आला.

गोंद्वेसाहेबांनी मला खोलीत बोलावून चहा दिला. स्वतः साखर घातली. "सुज्गो, तू शहाणा आहेस," ते म्हणाले. "साक्षीदार मिळत नाहीत म्हण, तारीख माग. पुढच्या वेळी आणखी एक. खटले आपोआप मरतात रे बाबा, त्यांना मारावं लागत नाही."

हे सांगताना त्यांनी माझी नोकरी अजून कायम झालेली नाही याची आठवण दिली नाही. गरजच नव्हती. शिवाय माझी आई शेजारच्याच गावात राहते, आणि तिथला मुखिया कावुंगाच्या मुखियाचा मेहुणा. आणि खरं सांगायचं तर मला त्या मांत्रिकाची भीतीही वाटत होती. कॉलेजात जाईपर्यंत आईने बांधलेला मंतरलेला दोरा माझ्या कमरेला होता. कायद्याची पुस्तकं वाचली म्हणून कंबर एकदम तो विसरते असं नाही.

मी लुसुंगूकडे गेलो. ती सामान बांधत होती, गोगो शेजारी बसून ते चुकीचं बांधतेय असं सांगत होती. मी म्हणालो, मी काय करू. मला वाटलं होतं ती गळ घालेल, भांडेल, निदान न्यायाबद्दल काहीतरी बोलेल.

"तुझं तू ठरव," ती दोरीची गाठ मारत म्हणाली. "मी सांगितलं म्हणून उभा राहिलास, तर पहिल्याच उलट प्रश्नाला बसशील."

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. कावुंगाची माणसं ट्रक भरून आली होती. मांत्रिकाने कोट घातला होता, डोक्यावर रानमांजराच्या कातड्याची टोपी, हातात चवरी. त्याच्यासाठी शहरातून वकील आला होता. मुखिया सगळ्यांचे नमस्कार घेत होता. लुसुंगू रजा टाकून आली होती. साध्या कपड्यात, मागच्या बाकावर, गोगोशेजारी. गोंद्वेसाहेब माझ्या मागच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

काचालेसाहेबांनी सरकार पक्षाला विचारलं. मी उठलो. गोंद्वेसाहेबांचा हात खांद्यावरून गळून पडला. मी बोलायचं ते वाक्य सकाळपासून मनात घोळवलं होतं, "साक्षीदारांअभावी तारीख मिळावी." तोंडावर आलंही होतं. त्याच वेळी मुखिया माझ्याकडे पाहून किंचित हसला. आधीच आभार मानावे तसं. ते हसू मला सोसवलं नाही. मोठं काही तत्त्व त्या क्षणी डोक्यात नव्हतं, फक्त एवढंच होतं की हा माणूस मला विकत घेतलेला समजतो.

"सरकार पक्ष तयार आहे, साहेब," मी म्हणालो. "साक्षीदार एनिफा हिला बोलवावं."

पुकारा झाला. कोणी आलं नाही. पुन्हा झाला. होप्सनने मान खाली घातली, त्याच्या मागची माणसं खुसखुसली. माझ्या पाठीमागे गोंद्वेसाहेबांनी उसासा सोडला. मग दाराजवळची गर्दी हलली. एनिफा चालत आली होती, सगळी वाट. ट्रकमध्ये तिला कोणी घेतलं नसणार. पायाला पोटऱ्यांपर्यंत धूळ होती. ती नवऱ्याकडे न बघता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली आणि तिने शपथ घेतली.

मी नाव-गाव विचारलं, तेवढ्यात मांत्रिकाने चवरी उचलली. हळूच, माशी वारावी तशी. आणि आमच्या भाषेत पुटपुटला की माझ्याविरुद्ध हलणारी जीभ पुढच्या पिकाची चव घेत नाही. पहिल्या बाकांपर्यंत ऐकू गेलं. एनिफाचा हात कठड्यावर गच्च आवळला गेला.

"साहेब," मी म्हणालो, "आरोपीने साक्षीदाराला आत्ता धमकी दिली आहे. ती जशीच्या तशी लिहून घ्यावी. आणि ती चवरी मुद्देमाल म्हणून जमा करावी."

काचालेसाहेबांनी शिपायाला खूण केली. शिपाई जागचा हलला नाही. त्यालाही बायकापोरं होती. म्हणून मीच गेलो. मांत्रिकाच्या हातातून चवरी काढून घेतली. त्याने ती सोडायला वेळ लावला, माझ्या डोळ्यांत बघत राहिला. मग ती माझ्या हातात आली. हलकी होती. तेलकट वास येत होता. गाईची शेपटी होती.

मी ती नेऊन मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर ठेवली. एनिफाने ती टेबलावर पडलेली पाहिली, आणि मग ती बोलली. सगळं सांगितलं. ताप, उलट्या, दवाखान्याच्या वाटेवरून परत फिरवलेली सायकल. छप्पर कोणी उतरवलं, पहिली काठी कोणी घातली, मुखिया कुठे उभा राहून बघत होता. नावं घेताना ती थांबली नाही. नवऱ्याचं नाव आलं तेव्हाही नाही.

शहरातला वकील उठला. माणूस हुशार होता, त्याने आवाज चढवला नाही. त्याने विचारलं की बाई, तुमचा स्वतःचा चेटकावर विश्वास आहे की नाही. ती नाही म्हणाली असती तर गाव तिला खोटारडी म्हणणार, हो म्हणाली असती तर आमचा खटला लंगडा. मी हरकत घ्यायला उठत होतो.

"आहे," एनिफा म्हणाली. "पण चेटकाला इंजेक्शन नसतं. तापाला असतं. माझ्या पोरीला ताप होता." मग ती म्हणाली, "माझी तेम्वा गेली. तिचं नाव घेऊन यांनी म्हातारीचा हात मोडला. माझ्या पोरीचं नाव मला त्यातून परत पाहिजे."

वकील खाली बसला. होप्सन तोंड झाकून रडत होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण पोर त्याचीही गेली होती.

निकाल यायला बऱ्याच तारखा लागल्या. मांत्रिकाला तुरुंग झाला. मुखियाला दंड झाला, आणि तो भरून तो अजूनही मुखियाच आहे. होप्सनची शिक्षा तहकूब ठेवली, पण त्याने गोगोचं घर स्वतःच्या हाताने शाकारून द्यायचं, या अटीवर. त्या वर्षी माझी नोकरी कायम झाली नाही. गोंद्वेसाहेबांनी मला पुन्हा चहाला बोलावलं नाही. एनिफा माहेरी गेली ती परत आली नाही. लुसुंगूची बदलीही कोणी रद्द केली नाही.

गोगो तोवर माझ्याच खोलीवर राहिली होती; छप्पर पुरं झाल्यावर लुसुंगू पुन्हा रजा टाकून आली आणि तिला पोचवायला आम्ही दोघं गेलो. लुसुंगू तिला म्हणाली होती की नको जाऊस, माझ्याबरोबर सरहद्दीला चल. गोगोने तिलाच विचारलं की घर माझं असताना पळू कशाला. गावात शिरताना माणसं दारं लावून घेत होती. गोगो अंगणात उभी राहिली, हात डोळ्यांवर धरून तिने छप्पर न्याहाळलं.

"ओढ्याकडच्या बाजूला गवत पातळ घातलंस," ती होप्सनला म्हणाली. "चढ परत."

होप्सन चढला. तो वर असेपर्यंत ती दारात बसून राहिली आणि वाटेने जो कोणी जाईल त्याला नाव घेऊन हाक मारत राहिली. बहुतेक जण मान वळवून निघून गेले. एक म्हातारा थांबला, इकडेतिकडे बघून त्याने नमस्काराला नमस्कार केला आणि घाईने पुढे गेला. गोगो आमच्याकडे वळून म्हणाली, "एक झाला. उद्या आणखी बसेन."

लुसुंगूला तिथूनच सरहद्दीची गाडी गाठायची होती. पिकअपच्या मागे मक्याच्या पोत्यांवर चढून बसताना तिने सांगितलं की तिच्या नव्या चौकीच्या कोठडीतही दोन म्हाताऱ्या आहेत, दोघींचे कबुलीजबाब अगदी शब्दाला शब्द सारखे. हे सांगताना ती पहिल्यांदाच मला खुशीत दिसली.

मी चिसांगाला परतलो. काही दिवसांनी सार्जंट एका म्हाताऱ्याला घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. म्हाताऱ्याची भुवई फाटलेली, सदऱ्यावर रक्त वाळलेलं. आरोप चेटकाचा. गुन्हा कबूल आहे, सार्जंट म्हणाला, फक्त तुमची सही हवी. मी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सार्जंटला सांगितलं की चुकीचा माणूस आणलास. याला दवाखान्यात ने, आणि ज्यांनी मारलं त्यांना घेऊन ये.

"साहेब, ते तर सगळं गाव आहे," तो म्हणाला.

"मग मोठी गाडी घेऊन जा."

तो थोडा वेळ उभा राहिला, मी हसतो का ते बघत. मी हसलो नाही. मग त्याने भिंतीवरच्या खिळ्यावरून ट्रकची किल्ली काढून घेतली.